श्यामची आई (१९५३): तुम्ही कधी, कुठे आणि कोणाच्या शेजारी बसून बघितला?

धागा काढणारी (नाशिक)

मागच्या रविवारी पाऊस लागून राहिलेला, लाईट जा-ये करत होते, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर लेकीला श्यामची आई दाखवला. अत्र्यांचा, ब्लॅक अँड व्हाईटवाला. मी तिला आधी बजावून ठेवलं होतं की याला देशातलं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालंय, १९५४ ला, आणि त्याच वर्षी बिमल रॉयचा दो बिघा जमीन पण होता तरी सोनं मराठीला आलं वगैरे. तिला काही फरक पडला नाही. नऊ वर्षांची आहे.

विहिरीचा सीन आला, श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारत मारत नेते, तर लेक माझ्याकडे वळून म्हणते, आई हे इल्लीगल आहे ना? मी हसले, पण नंतर पोटात काहीतरी झालं, कारण मी याच सीनला दहाव्या वर्षी ढसाढसा रडले होते आणि श्यामसाठी नाही, आईसाठी. तेव्हा मला ती आई अगदी बरोबर वाटली होती. आता मी स्वतः आई आहे आणि मला ती घाबरलेली वाटली. म्हणजे पोरापेक्षा जास्त घाबरलेली, की याला लोक भित्रा म्हणतील आणि मग याचं कसं होणार. पिक्चर तोच, वनमालाबाईंचा चेहरा तोच, मग बदललं काय.

म्हणून हा धागा. साने गुरुजींनी पुस्तक लिहिलं १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात, आमच्या घरापासून तुरुंग फार लांब नाही, जाता येता भिंत दिसते. बेचाळीस रात्री आहेत पुस्तकात आणि लिहिलं म्हणे पाच दिवसांत. पिक्चरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे त्यामुळे ती सांगू नका. तुमची सांगा. कुठे बघितला, कितव्या वर्षी, शेजारी कोण होतं आणि काय लक्षात राहिलं. आवडला नसेल तर तेही लिहा, कोणी मारणार नाही. फोक संपले.


नातवाच्या फोनवरून

आजी बोलतेय, मी टाईप करतोय, मधे मधे ती थांबली की मीही थांबतोय.

मी दहा वर्षांची होते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, दोन खोल्या. वडील सेवादलाचे. पिक्चर लागला ५३ साली तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षंपण झाली नव्हती, हे आता कोणी लक्षात घेत नाही. तुम्हाला वाटतं लोक श्यामच्या आईसाठी रडत होते. अर्धं थेटर श्यामसाठी रडत होतं. म्हणजे मोठ्या श्यामसाठी, जो राहिला नाही त्याच्यासाठी. जूनमध्ये बातमी आली होती त्या दिवशी वडील जेवले नव्हते दोन वेळा, आणि थेटरात मी पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं. मला फार लाज वाटली, बाजूला आमच्याच चाळीतले लोक होते. मग बघते तर ते पण रडतायत.

आईचं मात्र वेगळंच. तिने लग्नाआधी सोहराब मोदीचा सिकंदर बघितला होता, त्यात हीच वनमाला रुख्साना झाली होती, दागिन्यांनी मढलेली. तर आई सुरुवातीला सारखी म्हणत होती, अगं ही ती? ही ती? फाटकं लुगडं नेसून? वडील म्हणाले गप्प बस गं. मध्यंतरापर्यंत आई पण गप्प झाली. घरी येताना ट्राममध्ये म्हणाली, बाई चांगली आहे हो.

भरजरी गं पितांबर मी पुढे सगळ्या भाऊबीजेला म्हटलंय. आशाबाईंचा आवाज, वसंत देसाईंची चाल. कृष्णाचं बोट कापतं, चिंधी हवी असते, सख्खी बहीण सुभद्रा शालू फाडायला तयार नाही आणि द्रौपदी अंगावरचं पितांबर टर्रकन फाडते. माझा भाऊ दरवर्षी म्हणायचा, तू काय फाडणार सांग. मी म्हणायची, तुझा शर्ट.

(आजी हसतेय. पुढचं नंतर सांगते म्हणाली, चहा पाहिजे.)


बाकावरचा शेवटचा

आमच्या शाळेत २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती म्हणून दाखवायचे. ग्राउंडवर दोन बांबू, मधे हेडसरांच्या घरची चादर, छोटं मशीन कुठूनतरी भाड्याने आणलेलं. थंडी मरणाची. छडी लागे छम छम ला सगळी शाळा मशीनपेक्षा मोठ्यांदा ओरडायची आणि ड्रिलचे सर, ज्यांच्याकडे खरोखर छडी होती, ते पण ओरडायचे. बाकी पिक्चर मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. चादरीवर कोपऱ्यात हळदीचा डाग होता तो आठवतो, तो आईच्या बरोबर कपाळावर यायचा क्लोजअपला.


सोलापुरी कडक

ताई, तुम्ही म्हणालात आवडला नसेल तर लिहा म्हणून लिहितो.

आमच्या आईसाहेबांनी हा पिक्चर माझ्यावर पंधरा वर्षं वापरला. वापरला हाच शब्द बरोबर. दूध सांडलं, श्याम. मार्क कमी पडले, श्यामच्या आईला काय वाटलं असतं. उलटून बोललो की, त्याने एवढा मार खाल्ला पण आईला शब्द नाही केला. आणि शाळेत उलटं, जरा रडलं की पोरं म्हणायची आला बघा श्याम. म्हणजे घरी मी पुरेसा श्याम नव्हतो आणि वर्गात जरा जास्तच श्याम होतो. त्यामुळे मी कॉलेजला गेल्यावर शपथ घेतली होती की हे पुस्तक घरात ठेवणार नाही.

लॉकडाऊनमध्ये आई आमच्याकडे होती, तिनेच टीव्हीवर लावला, मी मुद्दाम उठून जाणार होतो पण जाणार कुठे, घर वन बीएचके. तर बघितला. आणि मला पहिल्यांदा ती बाई किती दमलीये ते दिसलं. कर्ज डोक्यावर, भाऊबंदकी, अंगात ताप, आणि तरीही या पोराला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकवायचं आहेच. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून हा पठ्ठ्या तिला पदर पसरायला लावतो आणि ती पसरते! वर मनाला पण घाण लागू देऊ नको असं सांगते. लहानपणी आम्हाला ते मनाचं वाक्य पाठ करायला लावलं. पसरलेल्या पदराबद्दल कोणी बोललं नाही. ओल्या लुगड्यात उभी आहे ती बाई.

मी आईकडे बघितलं तर ती झोपलेली. तोंड उघडं. मी आवाज कमी केला.


वऱ्हाडी माणूस

मला आई नव्हती. मी दीड वर्षाचा होतो तेव्हा गेली, त्यामुळे दुःख वगैरे म्हणाल तर तसं काही आठवणीतलं नाही, पण शाळेत श्यामची आई दाखवला की दुसऱ्या दिवशी निबंध असायचा, माझी आई, वीस ओळी. दरवर्षी. पाचवीत मी आत्याबद्दल लिहिलं तर बाईंनी लाल पेनाने विषय सोडून लिहिले असं लिहिलं. सहावीत मी श्यामच्याच आईबद्दल लिहून टाकलं, तर पैकीच्या पैकी मार्क. तेव्हापासून निबंध म्हणजे काय ते मला समजलं.

पुस्तक फार उशिरा वाचलं. त्यात अळणी भाजीचा प्रसंग आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एक शब्द न बोलता खातात, उलट छान झालीये म्हणतात, पोरांनाही बोलू देत नाहीत, कारण तिला वाईट वाटेल. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. सगळे लोक या पुस्तकात आईला शोधतात, मी तिथे वडिलांपाशी थांबलो. कारण आमच्या घरी स्वयंपाक बाबाच करायचे, सकाळी ड्युटीवर जायच्या आधी, आणि त्यांच्या भाजीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. मी आणि दादा तोंड वाकडं करून ताट सारायचो. एकदाही छान झालीये म्हणालो नाही. बाबा अजून आहेत, ८१ चालू आहे. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा म्हणालो, तर मला म्हणे, बिमार आहेस काय बे?


आवाठातली

मी दापोली तालुक्यातली, पालगड आमच्यापासून एसटीने जाता येतं, गुरुजींचं घर आता स्मारक आहे तिथे. त्यामुळे आमच्याकडे श्यामची आई हा पिक्चर कमी आणि पाव्हण्यांकडची गोष्ट जास्त. पत्रावळ नीट लावता आली नाही की श्यामसारखं उपाशी राहशील, असं आजी आम्हाला सांगायची जशी काही तिने स्वतः तो प्रसंग बघितलाय.

माझं विहिरीचं. मला वडलांनी पाठीला डबा बांधून सोडलं होतं, मारलं नाही पण विचारलंपण नाही. शिकले. पण गंमत ऐका. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनला मराठी पिक्चर लागायचा तेव्हा आमच्याकडे चाळीस माणसं यायची, टीव्ही गावात दोनच होते. विहिरीचा सीन झाला, सगळ्या बायका डोळे पुसतायत आणि माझी आई एकदम मोठ्यांदा म्हणाली, हिला तरी पोहता येत होतं काय? सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, अहो नाय म्हणजे, पोराला ढकलतेय, तो बुडायला लागला तर ही काय करणार? बरोबरच आहे ना. आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, एकाही बाईला पोहता येत नव्हतं, विहिरीचं पाणी रोज त्याच भरायच्या.

आई पुढे ठाण्याला माझ्याकडे आली राहायला, ५२ वर्षांची होती, आणि एक दिवस म्हणाली मला शिकायचंय. नगरपालिकेच्या तलावावर बायकांची बॅच. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेली तर परत पाठवलं, कॉस्च्युम लागेल म्हणून. दुकानात आम्ही दोघी इतक्या हसलो की दुकानदार बाहेर जाऊन उभा राहिला. दोन महिन्यांत शिकली. डोकं वर ठेवून, कुत्र्यासारखं, पण शिकली. श्यामला कोणी मारत नेलं ते बघून माझी आई पाण्यात उतरली हे गुरुजींना आवडलं असतं असं मला उगाच वाटतं.


वसतिगृह, खोली नं. ९

लातूरकडचा आहे. पिक्चर होस्टेलला बघितला, समाजकल्याणच्या. आवडला होता, खोटं नाही बोलणार, आम्ही सगळे घर सोडून राहिलेली पोरं, आई म्हटलं की पुरे व्हायचं.

नंतर लायब्ररीत पुस्तक मिळालं. त्यात मोळीवाल्या म्हातारीचा प्रसंग आहे, महाराची म्हातारी, मोळी खाली पडलीये, कोणी हात लावत नाही, आणि आई श्यामला सांगते जा, उचलून दे तिच्या डोक्यावर. मी वाचताना छाती फुगवली. आणि पुढे, घरी येऊन आंघोळ कर. तिथे मी पुस्तक मिटलं. चार-पाच दिवस उघडलं नाही.

वरच्या सोलापूरच्या भाऊंनी पसरलेला पदर बघितला, मी ती आंघोळ बघितली. आता राग राहिला नाहीये तेवढा. ज्या माणसाने पुढे १९४७ ला पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार आमच्यासाठी उघडावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, त्याला ते वाक्य गाळता आलं असतं. गाळलं नाही. आई होती तशी लिहिली, आंघोळीसकट. पण एक सांगतो, माझी आजी मोळ्या विकायची. तिच्या डोक्यावर मोळी द्यायला कोण यायचं असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, झाडाला टेकवायची अन् आपणच खाली बसून उठायचं. झाड लागतं त्याला, म्हणाली.

ही गोष्ट पिक्चरच्या धाग्यात बसते की नाही माहीत नाही. बसवून घ्या.


लष्करवाली (ग्वाल्हेर)

आमच्याकडे मराठी घरात मराठी चालते पण वाक्य संपतं हिंदीत, सो चुका माफ. वनमाला म्हणजे आमची, ग्वाल्हेरची. सरदार घराण्यातली, पवारांची सुशीला, वडील कर्नल, बीए झालेली, आणि सिनेमात गेली म्हणून घरात काय महाभारत झालं असेल सोचो. शेवटची वर्षं पण इकडेच होत्या, २००७ ला गेल्या. आमच्या आजीला कोकण म्हणजे कुठे ते पण माहीत नव्हतं. तिला इतकंच माहीत की हवेलीतल्या मुलीने गरीब बामणाच्या बायकोचं काम केलं आणि राष्ट्रपतींकडून मेडल आलं. लग्नाकार्यात कोणीही कोकणातलं भेटलं की आजी सांगायची, तुमच्या श्यामची आई आमची आहे हां. कोकणवाले बिचारे हो हो म्हणायचे.


पॉपकॉर्न संपले

छोटंसं. मी ३ इडियट्स सात वेळा बघितलाय आणि आठव्यांदा बाबांबरोबर बघताना ते एकदम उठून बसले, पॉज कर पॉज कर. जॉय लोबोच्या वडिलांवर. म्हणे हा श्याम आहे. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण खरंच माधव वझे, ५३ चा श्याम. आईसाठी रडणारा पोरगा ५६ वर्षांनी मुलगा गेलेला बाप. मी बाबांना म्हटलं चला आता तो जुना लावा. २०२३ चा नवा पण बघितलाय, सुजय डहाकेचा, तोही मुद्दाम ब्लॅक अँड व्हाईट केलाय, ओम भुतकर गुरुजी म्हणून भारी आहे, पण बाबांबरोबर बघायला जुनाच पाहिजे, मधे मधे कॉमेंटरी असते ना.


पेटी उचलणारा

माझं वय आता ६८. सांगलीकडच्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबू थेटरात मी पोरगा म्हणून होतो, दोन वर्षं, चौदा ते सोळा. काम म्हणजे पेट्या उचलायच्या, कार्बनच्या कांड्या संपल्या की द्यायच्या, रीळ तुटलं की धरून बसायचं. एकच मशीन, त्यामुळे रीळ बदलताना अंधार, तेवढ्यात शेंगदाणेवाला फिरून यायचा. मधे कनात, एकीकडे बाया एकीकडे बाप्ये, खाली नुसती जमीन.

श्यामची आई हमखास चालायचा. तमाशाच्या फडासमोर सुद्धा. प्रिंट इतकी जुनी की पडद्यावर कायम पाऊस पडायचा, एक म्हातारा दर वर्षी म्हणायचा कोकणात लई पाऊस हाय बाबा.

तर एका जत्रेत आमचा ऑपरेटर तापाने फणफणला आणि मशीनवर मला बसवलं. येत होतं मला, बघून बघून. पण पेट्यांवरच्या चिठ्ठ्या पावसात सुटलेल्या, आणि मी मधल्या पेटीच्या जागी शेवटची लावली. आता तुम्ही विचार करा. लोक निवांत बसलेत, शेंगा चालल्यात, अजून अर्धा पिक्चर जायचाय, आणि एकदम आई मेलीच. तंबूत चिडीचूप. मला घाम फुटला. मालक बाहेर तिकिटाचे पैसे मोजत होता, रडारड ऐकून आत आला, एवढ्या लवकर रडारड कशी म्हणून, आणि पडदा बघून मला जी शिवी घातली ती इथे लिहीत नाही. पण रीळ चालू असताना काढणार कसं. संपू दिलं. अंधार केला. पुढची पेटी लावली.

लागली तर आई जिवंत. चुलीपुढे बसलीये, श्यामशी बोलतेय.

मालक कनातीच्या बाजूने ओरडायला लागला, मंडळी चूक झाली, माफी करा, परत पहिल्यापासून नीट लावतो. तर बायांच्या बाजूने एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, कशाला रं लावतोस, आली न्हवं ती परत, चालू दे. आणि बाकीच्या बाया, व्हय व्हय चालू दे. बाप्ये काही बोलले नाहीत. चालू दिलं. शेवटी राहिलेली मधली पेटी लावली, त्यामुळे पिक्चर संपला तेव्हा आई धडधाकट होती. लोक उठले, धूळ झटकली, पोरं खांद्यावर घेतली आणि गेले. कोणी पैसे परत मागितले नाहीत.

दुसऱ्या रात्री ऑपरेटर उठला, त्याने नीट क्रमाने लावला. खेळ संपल्यावर आठ-दहा बाया मशीनपाशी आल्या भांडायला. कालच्यावानी का न्हाई लावला म्हणून.